सोंग पळत नसतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर जे गोल घड्याळ आहे, ते मला कंपनीच्या शर्यतीत बक्षीस मिळालं एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वेताळ होऊन पळालो होतो हेही ठाऊक आहे, कारण फोटो आहे. पण त्या दिवशी मी दुसऱ्याच्या घरचा वेताळ फोडला, गुपचूप जोडला आणि काही न बोलता परत केला. त्याची शिक्षा भलत्याच माणसाला झाली, तेव्हा मी तिथेच खुर्चीवर चहा पीत बसलो होतो. हे कुणाला ठाऊक नाही. म्हणजे एकाला आहे. त्याच्याशीही मी या विषयावर कधी बोललो नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. सातपूरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो, पाइप, पंप, व्हॉल्व्ह असलं सगळं. घर पंचवटीत. कंपनीची दर जानेवारीत एका रविवारी सकाळी दौड असायची, तीन किलोमीटरची. गेटमधून निघायचं, औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांनी वळसा घालून परत गेटवर यायचं. आधी ती साधीच दौड होती. पळणारी पाच-सात ठरलेली पोरं, बाकीचे सगळे नंतरच्या पोह्यांसाठी आलेले. मग ऑफिसातल्या कुणीतरी डोकं लढवलं की वेशभूषा करून पळा. पहिला येईल त्याला एक बक्षीस, ज्याचा वेश चांगला त्याला दुसरं. नियम एकच, गेटपासून गेटपर्यंत वेश अंगावर पाहिजे. हातात धरून आणला तर बाद.

गंमत यायची, खोटं कशाला बोलू. स्टोअरमधले दोघे मिशांसकट नवरा-नवरी होऊन पळायचे आणि नवरी कायम पुढे असायची. पेंट शॉपचा एक जण अंगाला चंदेरी फासून यायचा. एकदा एक जण नुसती गोणी घालून आला. कुणीतरी विचारलं, "हे काय सोंग?" तर म्हणाला, "विंचूरचा कांदा. मार्केटात भाव पडला म्हणून पळून आलोय."

आदल्या वर्षी मी वासुदेव झालो होतो. पुठ्ठ्याची उंच टोपी केली होती, ती अर्ध्या रस्त्यात वाऱ्याने उडाली आणि ट्रकखाली गेली. गेटवर आलो तर परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही कशात भाग घेतलाय?" सगळे हसले. मीही हसलो. मी मुळातच कमी बोलणारा माणूस. पंधरा वर्षं त्या कारखान्यात होतो, तरी कॅन्टीनच्या रांगेत माझ्या पुढे कुणी घुसलं तर ते मुद्दाम घुसलेलं नसायचं, मी त्याला दिसलेलोच नसायचो. ते हसू माझ्या डोक्यात वर्षभर राहिलं.

माझ्या हाताखाली एक जण होता. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पेठच्या पलीकडचा, डोंगरातल्या गावचा. आमच्या पंचवटीतल्याच पेठ नाक्यावर खोली घेऊन राहायचा आणि रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून कामाला यायचा. हाताने फार चांगला. पण टेंपररी होता. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड. त्याला कायम करायचं की नाही, यात साहेब मला विचारणार हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

त्याच्या गावात होळीनंतर बोहाडा होतो. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या पुष्कळ गावांत होतो. देवांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर गावातून नाचत जातात. त्या मुखवट्यालाच सोंग म्हणतात. त्याच्या गावात एकेका सोंगाचा मान एकेका घराला होता. त्याच्या घराला वेताळाचा. आजा नाचला, आता बाप नाचत होता.

"यंदा बा शेवटचा नाचणार," एकदा चहा पिताना तो म्हणाला. "गुडघं ऱ्हायलं नाय त्याचं. नाचून झालं का सगळ्यांम्होरं सोंग माझ्या डोक्यावर ठेवणार. मंग पुढच्या साली मी."

हे सांगताना तो ग्लासात बघून हसत होता. तो इतका खूश झालेला मी फार वेळा पाहिला नव्हता. आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "केवढा असतो रे तो मुखवटा?"

त्याने दोन्ही हात पसरून दाखवलं.

"मला दे ना चार दिवस. दौडीला."

त्याने ग्लास खाली ठेवला. "भाऊ, ते खेळनं नाय. देव हाय तो आमचा."

"मी कुठं खेळतोय? मानानंच नेईन."

तो ग्लास विसळायला निघून गेला. मी दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. मी दटावलं नाही, आवाज चढवला नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बघतो."

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने सोंग आणलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, एसटीत सगळा वेळ मांडीवर धरून. लाल तोंड, काळ्या झुपकेदार मिशा, खाली वळलेले दोन पांढरे सुळे, बाहेर आलेली जीभ. कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ, वर कापड. हातात घेतलं तर वाटलं त्यापेक्षा हलकं.

"बाला काय सांगितलंस?"

"नाशकाला रंग द्याया नेतो म्हनलं." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहिल्यांदा खोटं बोललो त्याच्याशी."

त्याने मला नारळ फोडायला लावला. सोंग जमिनीवर ठेवायचं नाही म्हणाला. आणि म्हणाला, "भाऊ, पळायचं नाय."

"अरे, शर्यतीत पळायचं नाही तर काय करायचं?"

"चालायचं. नाचत चालायचं. सोंग पळत नसतं. त्याला खालचं काय दिसत नाय. आमच्यात सोंगाम्होरं एक मानूस उलटा चालतो. त्याच्या पायाकडं बघून सोंग पाय टाकतं. पळालं तं तोंडावर पडंल." मग म्हणाला, "उद्या तुमच्याम्होरं मी चालतो."

मी बरं म्हणालो. शब्दच दिला म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. गेटवर त्याने माझ्या डोक्याला आधी फडकं गुंडाळलं, मग सोंग चढवलं, हनुवटीखालून गाठ मारली. आत अंधार, कागदाचा आणि जुन्या धुराचा वास, डोळ्यांच्या जागी दोन बोटभर भोकं. त्यांतून मला फक्त तो दिसत होता, कमरेपासून खाली. शिट्टी झाली. सगळे पळाले. आम्ही दोघं चालत निघालो. तो उलटा, एकेक पाय मागे टाकत, तोंडाने हळू आवाजात संबळ वाजवत, आणि मी त्याच्या पायांवर नजर ठेवून.

आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. रस्त्याच्या कडेला कामगारांच्या बायका-पोरं उभी होती, शेजारच्या कंपनीचे वॉचमन होते. "अरे वेताळ बघा, वेताळ!" "कोण आहे रे आत?" "कोण का असेना, काय भारी केलंय!" कुणीतरी शिट्टी मारली. साहेबांच्या बायकोने कॅमेरा काढला. पंधरा वर्षांत त्या रस्त्यावर माझ्याकडे मान वळवून कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगात काहीतरी चढलं. वेताळ नक्कीच नव्हे, माझंच काहीतरी असेल. पुढे पळणाऱ्यांच्या पायांचे आवाज लांब जात होते, आणि मला वाटलं, हे सगळं घेऊन मी शेवटून येणार की काय?

मी त्याला बाजूने ओलांडलं आणि पळत सुटलो.

"भाऊ! ओ भाऊ!" मागून त्याचा आवाज आला. मी थांबलो नाही.

किलोमीटरभर मी चांगला पळालो. दोघा-तिघांना मागेही टाकलं. वळणाच्या पुढे एका कारखान्याच्या गेटसमोर नवा गतिरोधक केला होता. तो मला दिसलाच नाही. पुढे पडलो ते हातांवर, पण सोंगाची हनुवटी डांबरावर आपटली. आतल्या आत मला तो आवाज ऐकू आला, सुकी भाकरी मोडल्यासारखा. हात लावला तर खालचा जबडा एका बाजूने सुटून लोंबत होता आणि डावा सुळा त्याच्याबरोबर. आसपास कुणी नव्हतं. मी जबडा हाताने दाबून धरला आणि उरलेलं अंतर तसाच पळालो.

लोकांना ती नक्कल वाटली. "वेताळाची दाढ दुखतेय!" कुणीतरी ओरडलं आणि गेटवर हशा पिकला. आदल्या वर्षीच्या हशासारखा नव्हता हा. परीक्षक उभे राहून हसले. वेशाचं पहिलं बक्षीस मला मिळालं, घड्याळ.

तो धापा टाकत आला. घड्याळाकडे त्याचं लक्षच नव्हतं. "सोंगाला लागलं का?"

तोवर मी सोंग काढून लुगड्यात गुंडाळलं होतं. "नाही रे," मी म्हणालो. "घामानं सटकत होतं, म्हणून धरलं होतं. उद्या पुसून-बिसून देतो तुला."

एवढंच खरं सांगायचं होतं तेव्हा. आपटलं रे, म्हणायचं होतं. त्याने ते सांभाळून गावी नेलं असतं, सोंगं करणाऱ्या कारागिराकडे पुन्हा लगदा लावून घेतला असता, बापाची बोलणी खाल्ली असती. होळीला दीड-दोन महिने होते. सगळं वेळेत बसलं असतं. पण नुकतेच सगळे मला शाबासकी देऊन गेले होते आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी, सगळे गेल्यावर, मी मेंटेनन्सच्या टेबलावर सोंग उलटं ठेवलं आणि मला जे येत होतं ते केलं. पाइपची गळती बुजवायला आम्ही पुट्टीसारखी एक लांबी वापरायचो. दोन गोळे एकत्र मळून लावले की तासाभरात दगड होते. ती मी जबड्याच्या आत भरली, सुळ्याच्या मुळाशी भरली, कानशीने घासली. मग आग विझवायच्या पाइपांना द्यायचा लाल रंग घेतला आणि नुसता जोड रंगवला तर ओळखू येईल म्हणून सगळं तोंडच रंगवलं. काम सफाईदार झालं होतं. फिटर माणूस, गळती दिसली की बुजवायची एवढंच शिकलेला. कागदाचं सोंग नाचताना जरा जरा हलतं, वाकतं. त्याला मी दगड जोडला होता.

त्याने सोंग उजेडात धरून बघितलं. "रंग दिला?"

"तू बाला सांगितलं होतंस ना, रंग द्यायला नेतो म्हणून. म्हटलं तुझं खोटं पडायला नको."

तो हसला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. मला म्हणाला, "भाऊ, तुमी लय केलं."

होळीनंतर त्याच्या बापाचा निरोप आला की ज्या सायबानं रंग दिला त्याला बोहाड्याला घेऊन ये. मला कारणं सुचली नाहीत असं नाही. पण नाही म्हटलं तर का म्हणून विचारेल, अशी भीती होती. बोहाडा कित्येक रात्री चालतो; त्याच्या शेवटच्या दिवशी पहाटे पेठ नाक्यावरून जीप धरून मी गेलो. त्या दिवशी सोंगं उन्हं वर येईपर्यंत नाचतात. शाळेतून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मला पुढे बसवलं, कपबशीत चहा दिला. त्याचा बाप भेटायला आला. वाळलेला, उंच, कमरेला लाल फडकं बांधलेलं.

"तुमीच का ते रंगवालं सायेब? लय झाक रंग दिला. आमच्या वेताळाला इतकं कोनी सजवलं नव्हतं."

मी हात जोडले.

वेताळ निघाला. पुढे मुलगा उलटा चालत होता, बापाच्या पायांसमोर आपले पाय टाकत. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत हे त्या वेळी कुणी म्हटलं नसतं. माझ्यासमोर येऊन त्याने गिरकी घेतली. संबळ चढला, मान दोनदा जोरात हलली आणि जबडा खाली पडला.

संबळ थांबला. मुलगा वाकला. त्याने जबडा उचलला, आणि शेजारी पडलेला दुसरा तुकडा उचलला. बाहेरून लाल, आतून राखाडी. तो रोज तीच लांबी मळायचा. त्याने तो तुकडा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तुकडा त्याने खिशात टाकला.

गावातला एक जाणता माणूस पुढे आला. "कोनाच्या हातनं?"

बापाने सोंग उतरवलं होतं. तो ते फिरवून फिरवून बघत होता. "मी तं संभाळून..." एवढंच म्हणाला.

"बा, माझ्या हातनं पडलं," मुलगा म्हणाला. "नाशकाला नेलं तवा. रंगाचं मी खोटं सांगितलं. लपवाया रंग द्याया लावला."

 माझ्या हातात कपबशी होती. चहावर साय धरली होती. मी उठणार होतो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी उठणार नव्हतो. मी घोट घेतला.

मोठमोठ्याने काही झालं नाही. म्हातारी माणसं बाजूला बसली, हळू बोलली. ज्याच्या हातून सोंग फुटलं त्याने सोंग घ्यायचं नाही, अशी त्यांची रीत होती. बापाला दुसरा मुलगा नव्हता. वेताळाचा मान चुलत्याच्या घरी गेला. बापाने कमरेचं लाल फडकं सोडलं, सोंगावर घातलं आणि दोन्ही हातांनी भावाकडे दिलं. मुलाकडे त्याने पाहिलं नाही. मग माझ्यापाशी आला आणि म्हणाला,

"पाव्हनं, तुमचा रंग वाया गेला."

मुलगा मला जीपपर्यंत सोडायला आला. "सोमवारी फर्स्ट शिफ्ट ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो.

त्या वर्षी तो कायम झाला. साहेबांनी मला विचारलं, मी चांगलं सांगितलं. त्याची फेड झाली, असं मनाशी म्हणून मी काही वर्षं काढली. पण तो तसाही झालाच असता, हाताने चांगला होता. उलट मला नंतर नंतर दुसरंच दिसायला लागलं. मी सोंग मागितलं तेव्हा तो टेंपररी होता. त्याला नाही म्हणता येणार होतं का? आणि भर गावात माझं नाव घेता येणार होतं का? की त्याला फक्त घरी आलेल्या पाहुण्याला उभं करायचं नव्हतं? मला माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

नंतरही कितीतरी वर्षं तो माझ्या स्कूटरवर मागे बसून येत होता. मला त्याचं तोंड दिसायचं नाही, तेवढंच बरं वाटायचं. पूर्वी होळीनंतर तो आठ दिवस रजा टाकायचा, काही झालं तरी टाकायचाच. त्यानंतर त्याने ती कधी टाकली नाही. त्या दिवसांत त्याचं हजेरीचं कार्ड सलग भरलेलं असायचं. त्यावर सही मी करायचो.

दोन हजार सालानंतर कारखाना आटत गेला. त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गावी गेला. पुढे एकदा उन्हाळ्यात पंचवटीच्या बाजारात तो दिसला, बायकोबरोबर गावठी आंबे घेऊन बसलेला. मला बघून उठला, पिशवी ओढून घेतली आणि भरायला लागला.

"बा कसा आहे?"

"हाय. गुडघं पार गेलं. तुमचं नाव काढतो कधी कधी. रंगवालं सायेब म्हनतो."

"आणि सोंग?"

"चुलत्याकडं. नवा जबडा बसवला कागदाचा. बरा बसलाय." पिशवीची गाठ मारता मारता त्याने विचारलं, "भाऊ, घड्याळ चालतं का वो?"

"चालतं," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडे वळला. आंबे मी घरी आणले. सगळ्यांनी खाल्ले. गोड होते.

त्याचा बाप अजून आहे असं पेठ नाक्यावरचे जीपवाले सांगतात. गाव दोन तासांवर आहे. होळीनंतर त्या गावात जाऊन, त्या म्हाताऱ्यासमोर आणि गावासमोर उभं राहून, सोंग तुमच्या मुलाच्या नाही, माझ्या हातून फुटलं, एवढं एक वाक्य मी त्या माणसाचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.